'येते हं, आजी'

पप्पा पावसाळ्यात गेले. त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. दोह्यात शुक्रवारी सुट्टी, म्हणून तेव्हाच होणाऱ्या उपासनेला मी जात होते, गीतांचं पुस्तक उघडून उभी राहत होते, ओठही हलत होते. पण आत सगळं रिकामं. शाळेच्या ग्रंथालयात माझा दिवस पुस्तकांतच जातो. वाचून काही सापडेल असं वाटलं होतं, तेही सापडलं नाही. आईला नगरहून दोह्याला माझ्याकडे आणलं, तेव्हा लोक म्हणाले, आता तुम्हाला एकमेकींचा आधार. प्रत्यक्षात अल मन्सूरा भागातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही एकमेकींना आवाज होऊ नये म्हणून जपून वावरत होतो.

नाताळ जवळ आला तसा घरातला ताण वाढला. माझा धाकटा भाऊ सुहास बायको आणि दोन मुलींसह अल थुमामाला राहतो. इथे ऑफिसांना नाताळची सुट्टी नसते, म्हणून त्याने आधीच रजा टाकली होती. आईने सण त्याच्या घरी करावा, करंज्या कराव्यात, मुलींनी बाल्कनीत चांदणी लावावी, असं त्याच्या मनात होतं. आई म्हणत होती, वर्ष होईपर्यंत सण नाही, कढई चढणार नाही. आम्ही ख्रिस्ती असलो तरी आमच्या घरात दुखवट्याच्या जुन्या रीती तशाच चालत आल्या आहेत, आणि परक्या देशात आईने त्या अधिकच घट्ट धरल्या होत्या. दुखवट्याच्या घरातून निघताना पाहुण्याने 'येतो' म्हणायचं नसतं, घरच्यांनीही 'या' म्हणायचं नसतं. ही रीत खरं तर थोड्या दिवसांची. आईने ती महिनोन्‌महिने पाळली. सुहाससुद्धा दर आठवड्याला येई आणि काही न बोलता चपला घालून निघून जाई.

शाळेला सुट्टी लागली त्या आठवड्यात दोघांचं भांडण झालं.

"मुलींना काय सांगू मी? आजी इथेच आहे, पण येणार नाही?"

"सांग, आजोबा गेलेत म्हणून."

"ते त्यांना माहीत आहे, आई. मला पप्पांच्या मातीला पोचता आलं नाही, तेच तू अजून धरून बसली आहेस. सरळ तसं म्हण ना!"

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं नगरचं तिकीट काढ. नाताळच्या आधीचं."

"काढ, ताई," सुहास म्हणाला. "खलास. विषय संपला." आणि तो गेला.

मी लॅपटॉप उघडला, विमानांच्या वेळा बघितल्या आणि तशीच बसून राहिले. आई एकदा अशी गेली, की ही दोघं पुन्हा एका ताटाला बसणार नाहीत, हे मला कळत होतं. कुणाची समजूत घालायची आणि कशी, काही सुचेना. "प्रभू, माझ्याच्याने होत नाही. तूच बघ आता," एवढंच म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तिशीतली एक बाई, हातात मोठा स्टीलचा डबा.

"गायकवाडच ना? हुश्श! घ्या तुमच्या करंज्या. गरम आहेत, लगेच झाकण लावू नका हं, मऊ पडतील."

आम्ही गायकवाडच, पण काही मागवलं नव्हतं. तिने तिथूनच फोन लावला. तिचे गायकवाड मागच्या इमारतीतले निघाले. "या दोह्यात देवाने किती गायकवाड आणून ठेवलेत!" ती हसत म्हणाली. दारातलं मराठी ऐकून आई बाहेर आली आणि तिने तिला पाण्यासाठी आत बोलावलं. ही पल्लवी, मूळची नाशिकची. घरी फराळाच्या ऑर्डरी घेते. भिंतीवरच्या पप्पांच्या फोटोकडे बघून तिने विचारलं, आईने सांगितलं. ती मग उठून आमच्याच ताटलीत करंज्या काढू लागली.

"आमच्याकडे यंदा तळण नाही, बाई."

"तुम्ही कुठे तळलंय, आजी? मी तळलंय. अशा वर्षी शेजाऱ्यांनीच द्यायचं असतं."

"आणि त्या गायकवाडांना कमी पडल्या तर?"

"सांगेन, तुमच्या भावकीने खाल्ल्या!"

आई हसली. पप्पा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

पल्लवीने चपला घातल्या, डबा उचलला आणि सवयीने म्हणाली, "येते हं, आजी." लगेच तिने जीभ चावली. "अगंबाई, म्हणायचं नव्हतं ना! चुकले मी."

आईने दाराची कड धरली होती. "ये," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "ये गं. केव्हाही ये."

ती गेल्यावरही आई दारातच उभी होती. "इतके दिवस सुहासला असाच पाठवतेय मी," ती म्हणाली. "पोटच्या पोराला 'ये' म्हटलं नाही." मग तिने माझा फोन मागून घेतला. "सुहास, नाताळला न्यायला ये मला. हो, चांदणी लाव. कढई नाही चढवायची. करंज्या आल्यात."

नाताळच्या दुपारी आम्ही सगळे त्याच्या घरी जेवायला बसलो. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी पप्पा करायचे. सगळ्यांनी हात जोडले आणि कुणीच सुरुवात करेना. "सुहास, तू कर," आई म्हणाली. त्याने दोन-तीन शब्द उच्चारले आणि तो आईकडे वळला. "मी पोचलो नाही गं, आई."

"माहीत आहे रे. मी वाट बघत होते ना, म्हणून राग आला." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि प्रार्थना तिनेच पुरी केली. "आमेन" म्हणता म्हणता धाकटीने विचारलं, "आज्जी, कॅन वी ईट नाऊ?" आणि सगळेच रडता रडता हसलो.

पल्लवी आता अधूनमधून येते. म्हणते, नवऱ्याने चुकीच्या फाटकाशी सोडलं, बाकी काही नाही. असेल तसंच; मी वाद घालत नाही. मी फक्त प्रभूचे आभार मानते. शरण जाणं म्हणजे मोठ्या श्रद्धेचं काम, असं मी पुस्तकांतून समजत आले होते. मी तर थकून हात टेकले होते. तेवढंही त्याला पुरलं.