एअरबॅगवरची दुहेरी शिवण

ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर काढून उलटं केलं आणि मी तशीच उभी राहिले. दाराकडच्या कडेला जाड नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिवण होती. खाली कोपऱ्यात माझ्या दुकानाचं लेबल.

ते कव्हर मी शिवलेलं नव्हतं.

गाडी महादेवीबाईंची. वळसंगच्या शाळेत त्या शिकवतात. कव्हरची मागची पट्टी ढिली झाली म्हणून लेबलवरचं नाव विचारत विचारत माझ्याकडे आल्या होत्या.

"तुमचंच काम हाय की," त्या म्हणाल्या.

मला आधी शरम वाटली, मग संताप आला.

मी सोलापुरात वीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवते, बहुतेक रेक्झिनच्या. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला एअरबॅग असते. बाजूने धडक बसली की पापणी लवायच्या आत ती सीटची शिवण फोडून बाहेर फुगते. म्हणून कव्हर शिवताना ती कड उघडी ठेवायची, नाहीतर तिथे खास कच्चा दोरा घालायचा. झटका बसला की तो तुटतो. बाकी कव्हर पक्कं, तेवढी शिवण मुद्दाम कच्ची.

हे मी दोन महिन्यांपूर्वी एका शोरूमला सांगून आले होते. त्यांची कव्हरं मीच शिवायची. नव्या मॉडेलचं सँपल घेऊन गेले, तर अ‍ॅक्सेसरीजचा इन्चार्ज केदार याने त्या शिवणीत अंगठा घालून ओढलं. दोन टाके सुटले.

"ताई, हे हातानं उसवतंय."

"उसवायलाच पाहिजे. आत एअरबॅग आहे."

"कस्टमर कम्प्लेंट करतात. डबल मारा."

"मी मारणार नाही."

"आत कोण बघतंय?"

मी सँपल उचललं आणि निघून आले. आधीच्या कामासाठी दिलेल्या माझ्या लेबलांचा गठ्ठा तिथेच राहिला. त्याने दुसऱ्या कुणाकडून तरी हवं तसं शिवून घेतलं आणि वर माझं नाव लावलं.

महादेवीबाईंनी गाडी आणि कव्हरं त्याच शोरूममधून घेतली होती. त्यांना मी ती शिवण दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी शेजारच्या सीटकडे बोट केलं.

"हितं माझी आई बसती. हितंबी तसंच?"

मी तेही कव्हर काढून पाहिलं. "तसंच."

मी दोन्ही कव्हरं बरोबर घेतली. त्या म्हणाल्या, "चला शोरूमला."

केदारने आमच्यासाठी कॉफी मागवली. "मॅडम, तुम्हाला नवा सेट लावून देतो."

"माझं सोडा. अजून कुणाच्या गाडीला हाय हे?"

"उगाच पॅनिक कशाला करायचं?"

"यादी द्या. आमी फोन करतो."

"कस्टमरची यादी कॉन्फिडेन्शियल असते."

मग मात्र मला राहवलं नाही. "माझं नाव लावताना मला विचारलं होतंत? उद्या कुणाला लागलं तर लोक मला धरतील. आणि तुम्ही म्हणाल, ताईंनी शिवलंय."

महादेवीबाईंनी आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून बसल्या. "पहिला फोन लागेपर्यंत मी उठत न्हाय."

गिऱ्हाइकं बघायला लागली तेव्हा मालक केबिनबाहेर आले. मी काढून आणलेलं कव्हर त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी शिवण ओढून पाहिली. ती तसूभरही हलली नाही.

"केदार, एअरबॅगवर हे मारलं?"

"फिनिशिंगसाठी, सर."

दुपारपासून फोन सुरू झाले. पुढचे आठ दिवस मी त्यांच्या आवारात उभी राहून गाड्यांच्या शिवणी कापल्या. बहुतेक जण आले. चिंचोळी एमआयडीसीतल्या एकाने सांगितलं, कव्हर छान बसलंय, राहू दे. मी स्वतः त्याला दोनदा फोन केला. तो आला नाही. ती गाडी अजून तशीच फिरतेय, आणि ते आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

लेबलं मी परत आणली. त्या शोरूमचं काम मला पुन्हा मिळालं नाही. केदार अजून तिथेच आहे.

कव्हर घालून घेणाऱ्यांनी एक करावं. सीटच्या कडेला एअरबॅग लिहिलेली छोटी पट्टी असते. ती झाकली गेली असेल तर शिवणाऱ्याला विचारावं, इथे कोणता दोरा घातलाय. 'लई मजबूत घातलाय' असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला, तर गाडी घेऊन दुसरीकडे जावं.