वाटेत सोयरा नसलेलं गाव

अख्ख्या खानदेशात अंतर चहात मोजणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, याला नशीब म्हणतात. मामांचं गाव शिंदखेडा, आम्ही जळगावला. तुमच्या-माझ्यासाठी हा काही तासांचा रस्ता. मामांसाठी तीन चहा आणि एक जेवण. बेटावदला साडू, अमळनेरला बहीण, धरणगावला व्याही. सोयऱ्याच्या दारावरून तसंच पुढे जाणं म्हणजे त्यांच्या मते सोयरीक मोडणंच. एकदा सकाळी निघालेले मामा दुसऱ्या दिवशी आमच्याकडे उगवले. विचारलं तर म्हणाले, "साडूनी जेवाले बसाडी लिन्हं." साडूंनी जेवायला बसवून घेतलं, ते थेट दुसऱ्या दिवसापर्यंत!

असा माणूस हैदराबादला लेकीकडे कसा जाणार? तिच्या लग्नाला वर्षं लोटली, तरी मामा एकदाही गेले नव्हते. कारण एकच, "वाटमा आपलं कोन्हीच नही शे." यंदा लेकीने नवं घर घेतलं आणि फोनवरच सुनावलं, "आप्पा, वास्तुशांतीला माहेरचा आहेर कुरियरने आला, तर मी दारातून परत पाठवीन. आणि पुन्हा बोलावणार नाही." मामा हबकले. एकुलती एक लेक, ती तुटली तर मागे काय राहिलं?

मग त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि माझं डोकं खायला सुरुवात केली. मोबाईल हैदराबादची दोन अंतरं दाखवायचा, रस्त्याचं वेगळं, विमानाचं वेगळं. "जावाईबापू, गाव ते एकच शे ना?" मी म्हटलं, मामा, विमान सरळ जातं, रस्ता वाटेतल्या गावांसाठी वळतो. मामा म्हणाले, "मंग विमानले कोन्ही सोयरा नही का?" पुढे मोबाईलने धुळे ते हैदराबाद विमानाला किती वेळ लागतो, तेही सांगून टाकलं. झालं! मामा आहेराची पिशवी घेऊन थेट धुळ्याच्या धावपट्टीच्या फाटकावर. पहारेकरी म्हणाला, बाबा, इथून प्रवासी विमान सुटतच नाही. मामा त्याच्याशी भांडले, की जी गाडीच नाही तिची वेळ कोण कशाला लिहून ठेवील?

शेवटी मी जळगावहून तिकीट काढलं आणि मामांना विमानात बसवून दिलं. वास्तुशांत झाली, आहेर लेकीच्या हाती पडला. चार दिवसांनी त्यांना आणायला मीच विमानतळावर गेलो. मामा बाहेर आले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "इतली जवय व्हती का ती?"

लेक इतकी जवळ होती आणि मामांनी इतकी वर्षं घालवली, याचं मला वाईट वाटलं. विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, पोचल्याचं लेकीला कळवा तरी. त्यांनी फोन लावला. बाप आत गेला तरी ती विमान उडेपर्यंत तिकडे हैदराबादच्या विमानतळाबाहेरच बसून राहिली होती, आणि अजून गर्दीत अडकलेली, रिक्षात. "पोचलात पण?" तिचा रडवेला आवाज मलाही ऐकू आला. "मी अजून घरी नाही पोचले, आप्पा."

मामांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये अगदी हळू म्हणाले, "मंग मी परत येऊ का, बेटा?"