वऱ्हाडाची बस आणि बंबाची घंटा

"साहेब, माझी घंटा मेलेल्या माणसालाही ऐकू जाईल," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बंबाचे ड्रायव्हर उस्मानभाई म्हणाले.

"मेलेल्याचं राहू द्या," आरोपीचे वकील म्हणाले. "वऱ्हाडाला ऐकू जाईल का, तेवढं सांगा."

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेट साहेब हसले नाहीत, पण त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. ते लेखणी खाली ठेवतात तेव्हा काहीतरी वेगळं घडणार, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

मी तेव्हा जळगावला पोलीस प्रॉसिक्यूटर होतो. म्हणजे पोलिसांनी दाखल केलेले किरकोळ खटले सरकारच्या बाजूने चालवणारा माणूस. अंगात खाकी, बगलेत फायली. मी मूळचा धुळ्याचा. जळगावात येऊन वर्षही झालं नव्हतं. ही गोष्ट पन्नास ते साठ या दशकातली, मुंबई राज्य अजून एकत्र होतं तेव्हाची.

खटला साधा होता. मोटार व्हेईकल्स अॅक्टच्या शेवटी गाडी चालवण्याचे नियम जोडलेले असत. त्यातला एक नियम असा, की आगीचा बंब किंवा अॅम्ब्युलन्स जवळ आली की मोटार चालवणाऱ्याने बाजूला होऊन वाट द्यायची. नाही दिली तर दंड. शिवाय कोर्टाला वाटलं तर लायसन्सवर शेरा. हा नियम मोडल्याचा खटला मी त्याआधी कधी चालवला नव्हता. खरं सांगायचं तर त्याआधी मी तो नियम वाचलाही नव्हता.

घडलं होतं ते असं. थंडीचे दिवस, कापसाचा हंगाम. चोपड्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, दुपारी कापसाच्या गंजीला आग लागली. नगरपालिकेचा बंब घेऊन उस्मानभाई निघाले. बंबाला पितळी घंटा होती, ती मागचा फायरमन दोरीने वाजवायचा. रस्त्याच्या एका अंगाला कापसाच्या गाड्यांची रांग. उरलेल्या रस्त्याच्या मधोमध एक खासगी बस, लग्नाचं वऱ्हाड घेऊन चाललेली. बंब मागे घंटा बडवतोय आणि बस काही हलत नाही. दोन ठिकाणी बाजूला घ्यायला जागा होती, तरी बस आपली डौलात मधूनच. शेवटी जिनिंगचा फाटा आला, तेव्हा बंब वळला. बस सरळ निघून गेली. नाक्यावरच्या हवालदाराने तिचा नंबर टिपून घेतला.

बंब पोचेपर्यंत दोन गंज्या राख झाल्या होत्या. तिसरी वाचली. तिच्यामागे मजुरांच्या झोपड्या होत्या. वारा फिरला असता तर त्या दिवशी काय झालं असतं, हे उस्मानभाई सांगायला लागले की त्यांचा आवाज खाली यायचा. माणूस मात्र एकही भाजला नाही.

बसचा ड्रायव्हर होता झिपरूभाऊ. पन्नाशीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा. बावीस वर्षं गाडी चालवत होता आणि लायसन्स अगदी कोरं. समन्स, म्हणजे कोर्टाचं बोलावणं, हातात पडेपर्यंत आपल्यामागे बंब होता हे त्याच्या गावीही नव्हतं, असं तो म्हणायचा.

आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "दहा मिनिटांची केस आहे. गुन्हा कबूल करायला सांगा, दंड भरेल, घरी जाईल. पण शिक्षा झाली पाहिजे. नगरपालिका मागे लागलीय. लोकांना दहशत बसली पाहिजे म्हणतात."

मी व्हरांड्यात झिपरूभाऊला गाठलं. "भाऊ, कबूल करून टाका. दंड थोडासाच होईल. उगाच खेटे कशाला?"

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, चुकी व्हई तर दंड भरसु. पन माले घंटी ऐकू वनी नही. जे ऐकंच नही, ते ऐकं असं कसं सांगू?"

"अहो, एवढी मोठी घंटा!"

"टपवर बठ्ठा वाजंत्री व्हतात, साहेब."

बठ्ठा म्हणजे सगळे. आणि तो नन्नाचा पाढा त्याने सोडला नाही. मागाहून मला कळलं, की लायसन्सवर शेरा आला तर मालक त्याला काढणार होता. पण ते त्याने मला सांगितलं नाही. त्याचं एकच, ऐकू आलं नाही.

म्हणून दहा मिनिटांची केस उभी राहिली आणि उस्मानभाईंची उलटतपासणी सुरू झाली. मॅजिस्ट्रेट साहेबांनी लेखणी खाली ठेवली ती तेव्हाच.

"घंटा ऐकू जाते की नाही, यावर इथे बसून किती बोलणार?" ते म्हणाले. "आपण जाऊन बघू. तोच रस्ता, तीच बस, तेच वाजंत्री, तोच बंब. त्या दिवशी जसं होतं तसं. प्रॉसिक्यूटर, व्यवस्था करा."

याला स्पॉट इन्स्पेक्शन म्हणतात. कोर्ट स्वतः जागेवर जाऊन पाहतं. जमिनीच्या भांडणात बांध बघायला साहेब गेलेले मी पाहिले होते. वाजंत्री ऐकायला गेलेले पाहिले नव्हते. मोठ्या साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दहा मिनिटांची केस सांगितली होती मी तुम्हाला."

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्यावर पोचलो, तर तिथे जत्रा. मी बस आणि वाजंत्री बोलावले होते. आलं होतं सगळं वऱ्हाड. 'जसं होतं तसं' हा कोर्टाचा हुकूम गावात पोचला होता आणि गावाने तो अक्षरशः पाळला होता. बायका जरीची लुगडी नेसून आल्या होत्या. नवरदेव पुन्हा फेटा बांधून, बाशिंग हातात घेऊन उभा. बसला आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा.

या सगळ्याचा कारभार नवरदेवाची आत्या सोनाअक्का पाहत होत्या. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र बंबाच्या घंटेला भारी. त्या बचावाच्या साक्षीदार होत्या. वाजंत्री किती जोरात होतं, हे त्या सांगणार होत्या. एक माळ जरा इकडची तिकडे झाली की त्या ओरडायच्या, "तठे नही रे! त्या दिनले जठे व्हती तठेच बांध! कोर्टनं काम शे!"

एकच अडचण आली. नवी नवरीही आली होती. तिलाही बसमध्ये बसायचं होतं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी या बसमध्ये होत्या का?"

कशी असणार? वऱ्हाड तिला आणायलाच तर चाललं होतं.

"मग बसमध्ये बसता येणार नाही," साहेब म्हणाले. पोरीचं तोंड एवढंसं झालं. साहेबांनी चष्मा पुसला. "बंबावर कोणी बसावं, याबद्दल मात्र कोर्टाचं काही म्हणणं नाही."

उस्मानभाईंनी तिला हात देऊन बंबावर चढवलं. बायकांनी जो गलका केला, त्यात घंटा वाजली असती तरी ऐकू आली नसती.

बस निघाली. मॅजिस्ट्रेट साहेब पुढच्या बाकावर. घंटा ऐकू आली की त्यांनी रुमाल वर करायचा. मागच्या खिडकीत हवालदार, बंब किती अंतरावर आहे ते सांगायला. वकील मधल्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये चेपलेले. मी झिपरूभाऊच्या शेजारी.

टपावर सनई लागली, मग संबळ, मग ढोल. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला टपाचा पत्रा आमच्या डोक्यावर थरथरायचा. खाली बायकांनी नवरदेवाचं गाणं उचललं. हवालदार ओरडला, "पन्नास पावलं!" रुमाल खाली. "वीस पावलं!" रुमाल मांडीवरच. "दहा पावलं, साहेब! फायरमन घामाघूम झालाय!"

साहेबांच्या पायाने ठेका धरलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. रुमाल शेवटपर्यंत वर गेला नाही.

झिपरूभाऊ खरं बोलत होता. केस माझ्या हातातून गेली होती आणि, कबूल करतो, मला वाईट वाटत नव्हतं. बंब आता कुठे पोचला ते बघावं म्हणून मी सहज बाहेरच्या आरशाकडे पाहिलं. ड्रायव्हरला मागचं दिसावं म्हणून दाराबाहेर असतो तो आरसा. मला बंब दिसला नाही. मला झेंडूची फुलं दिसली. सोनाअक्कांची एक जाड माळ आरशावर बरोबर मधोमध गुंडाळलेली होती.

मी मागे वळून पाहिलं. दुसऱ्या कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

परत येताना सगळे खुशीत होते. नवरीने बंबाची घंटा मनसोक्त वाजवून घेतली. वकील साहेबांनी मला पाठीवर थाप मारून चहा पाजला. मी तो चहा खाली मान घालून प्यालो. त्या माळेबद्दल विचारलं नाही, तर झिपरूभाऊ सुटेल. विचारलं, तर लायसन्सवर शेरा येईल, कदाचित नोकरी जाईल. दुसरीकडे त्या झोपड्या होत्या. उद्या दुसरा बंब, दुसरं वऱ्हाड, दुसरा वारा. मी पगार घेत होतो तो विचारण्याचाच.

दुपारी कोर्ट बसलं. सोनाअक्का पिंजऱ्यात आल्या, शपथ घेतली, वाजंत्रीचं यथास्थित वर्णन केलं. माझी पाळी आली.

"अक्का, आज गाडी सजवली, ती त्या दिवसासारखीच ना?"

"बठ्ठी तशीच! एक पान इकडनं तिकडे नही."

"आरशावरचा हारसुद्धा?"

वकील ताडकन उठले. पण अक्का त्यांच्यापेक्षा चपळ होत्या. "व्हता ना! मीच बांधा! नवरदेवनी गाडी शे, बोडकी कशी जाऊ देसु?"

वकील तसेच खाली बसले. मग कोणी न विचारता झिपरूभाऊ आरोपीच्या जागेवर उभा राहिला.

"साहेब, हार अक्कानी बांधा हाई खरं. पन गाडी मन्हा हातमा व्हती. आरसा मी उघडा ठेवाले पाह्यजे व्हता. घंटी ऐकू वनी नही हाई बी खरं. आरसामा पाहं नही हाई बी खरं. आते दंड सांगा."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मी फायलीत डोकं घातलं.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी तिथल्या तिथे निकाल सांगितला. आरोपीला घंटा ऐकू आली नाही हे कोर्टाने स्वतः अनुभवलं आहे आणि ते कोर्टाला मान्य आहे. पण ऐकू येत नसेल तेव्हा दिसेल अशी सोय ठेवणं ड्रायव्हरचं काम आहे. म्हणून किरकोळ दंड. आरोपीने स्वतःहून खरं सांगितलं, सबब लायसन्सवर शेरा नाही.

झिपरूभाऊने विचारलं, "म्हंजे मी खोटा नही ना, साहेब?"

"नाही," साहेब म्हणाले. "कोर्टाने तसं लिहिलं आहे."

त्याच्या मिशीखाली मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

अक्कांना मात्र हा निकाल पटला नाही. त्या कमरेचा बटवा सोडत पुढे आल्या. "हार मी बांधा, दंड बी माले करा!"

"बाई," मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले, "हार बांधणाऱ्याला कायद्यात शिक्षा नाही. असती तर या तालुक्यात कोणी बाहेर राहिलं नसतं." एवढं म्हणून ते चेंबरमध्ये गेले. दार लागल्यावर आतून हसण्याचा आवाज आला, असं कोर्टाचे मुख्य कारकून, शिरस्तेदार, आजन्म सांगत राहिले.

बाहेर निंबाखाली वऱ्हाडाने भरताचं पातेलं उघडलं होतं. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, कांद्याची पात. थंडीत खानदेशातला माणूस कोर्टाला आला तरी भरीत घेऊन येतो. केस संपली होती, तेव्हा मलाही बसायला हरकत नव्हती. उस्मानभाई आणि झिपरूभाऊ एकाच ताटात जेवत होते. उस्मानभाई त्याला विचारत होते, "अरे, पण दहा पावलांवरून? खरंच नाही ऐकू आली?" त्यांना निकालापेक्षा ते जास्त लागलं होतं.

मोठ्या साहेबांनी निकाल वाचला. "शिक्षा झाली. बरं झालं," ते म्हणाले. "दहशत बसली का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "लोक पुन्हा कधी आहे विचारतायत."

नगरपालिकेने मात्र निकालाची नक्कल मागवून घेतली. पावसाळ्याआधी बंबावर हाताने फिरवायचा भोंगा बसला. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा स्टेशन रोडवरचे टांग्याचे घोडे एका दिशेने आणि टांगेवाले दुसऱ्या दिशेने गेले. उस्मानभाई चार दिवस छाती काढून फिरत होते.

झिपरूभाऊ त्याच मालकाकडे पुढे बरीच वर्षं गाडी चालवत होता. वऱ्हाड गाडीत बसायच्या आधी तो खाली उतरून सगळ्यांना सांगायचा, गाडीले कितलीबी सजाडा, आरसाले हात लावू नका. त्याचं पाहून बाकीच्या ड्रायव्हरांनीही तेच सुरू केलं. मी जळगावात होतो तोवर त्या नियमाखाली दुसरा खटला माझ्याकडे आला नाही.

पुढे मी बरेच मोठे खटले चालवले. नव्याने या कामात आलेली मंडळी विचारतात, उलटतपासणी कशी शिकायची? मी सांगतो, पुस्तकं वाचा, ती लागतातच. पण साक्षीदाराला प्रश्न विचारण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून तो जिथे बघतो तिथे बघून या. कायद्याने त्याला बंदी नाही आणि बहुतेक वेळा जेवायलाही मिळतं.