वायर कडेने घ्यायची

माझे मामा वायरमन. पण नुसतं वायरमन म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. पंखे लटकवणारे आणि बटणं बदलणारे गल्लोगल्ली मिळतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काम निराळं होतं. घर बांधून झालंय, रंग देऊन झालाय, आता भिंतीत काही घालता येत नाही, अशा घरात जमिनीलगत वायर फिरवून हव्या त्या कोपऱ्यात वीज पोचवायची. कुणी टीव्हीची जागा बदलली, कुणी आजारी आईचा पलंग खिडकीशी हलवला, की लोक म्हणत, पट्टीमामांना बोलवा. प्लास्टिकची पट्टी, तिच्या पोटात वायर, शेवटी एक्स्टेन्शन बोर्ड, आणि सगळं भिंतीच्या तळाशी, स्कर्टिंगला असं चिकटलेलं की झाडूसुद्धा अडू नये.

त्यांचा नियम एकच, वायर कडेने घ्यायची. सॉकेट समोर चार फुटांवर असलं तरी मामा खोलीला वळसा घालून चौदा फूट वायर टाकणार. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, "माणूस मधून चालतो, वायर कडेने जाते. दोघांची गाठ पडली की एकाचा हात मोडतो, आणि तो वायरचा नसतो."

कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी यांची नजर जमिनीवर. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा गालिच्याखालून गेलेली वायर त्यांना पायाला लागली. गालिचा उचलून मला असं झापलं, की माझ्या नवऱ्याने जेवण होईपर्यंत मान वर केली नाही. मला ते टेस्टर म्हणतात. "जिथे तिथे घुसते आणि लगेच पेटते," असं माझं वर्णन सगळ्या नात्यात त्यांनीच पसरवलंय. ते खोटं नाही.

तरुणपणी मात्र त्यांनी भिंती कापायचीही कामं पुष्कळ केली. तोंडाला रुमाल बांधायचा कंटाळा. मामी रोज सकाळी धुतलेला रुमाल खिशात घालायच्या आणि संध्याकाळी तो घडी न मोडता परत यायचा. ती सगळी धूळ छातीत जाऊन बसली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, आता चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन. विजेवर चालणारं, एकसारखं घुं घुं करणारं. तिसऱ्या मजल्यावरचं जुनं घर चढवेना, म्हणून मी हे तळमजल्यावरचं भाड्याचं घर शोधलं. पुढे खोली, मग अरुंद बोळ, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या पलीकडे न्हाणीघर-संडास.

आता मामींचं सांगते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच कळतं. जुन्या घरात त्या अशा वावरायच्या की नवख्या माणसाला पत्ता लागत नसे. हे नवीन घरही त्यांनी आठ दिवसांत पाठ केलं. उजवा हात भिंतीला, उजव्या पायातली चप्पल स्कर्टिंगला घासत जायचं. हात उजवाच, म्हणून जाताना एक भिंत आणि येताना समोरची. ती चप्पल सर्र सर्र वाजायची. मामा पुढच्या खोलीत खाटेवर बसून तो आवाज ऐकायचे. कुठे पोचली, हे त्यांना न विचारता कळायचं.

घोळ झाला तो सॉकेटचा. पुढच्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. मामांनी पहिल्याच दिवशी तपासलं आणि तोंड वाकडं केलं. सोय होईपर्यंत मशीन नाइलाजाने त्यावरच चालवलं, तर हात लागला की झिणझिण्या येत; कधीतरी ते जिवावर बेतलं असतं. धड सॉकेट फक्त स्वयंपाकघरात. घरमालकीण बाईंनी नुकताच रंग दिलेला. भिंत कापायची नाही, एक खिळासुद्धा ठोकायचा नाही, असं त्यांनी बजावलं. मी वरच्या बाजूने चिकटवायच्या क्लिपा लावून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या रंगासकट खाली आल्या. बाई रंगाचा पोपडा तळहातावर घेऊन दारात उभ्या राहिल्या, जणू आम्ही त्यांचं कातडं सोलून काढलं होतं. मी भांडले. काही उपयोग झाला नाही. राहिली जमीन.

मशीनवाल्याने सांगितलं होतं, एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. मामा म्हणाले, "बाजारातला नाही वापरणार. मी केलेला चालेल." नाकात नळी, हात थरथरताहेत, अशा अवस्थेत खाटेवर बसून त्यांनी दोन दिवसांत जाड वायरचा बोर्ड तयार केला. मग नळी काढून थोडं सरकायचं, परत येऊन नळी लावायची, असं करत ती वायर कडेने नेली. स्वयंपाकघराच्या तोंडाशी पट्टी वळवायला त्यांना अख्खी दुपार लागली. काम झाल्यावर मला बोलावलं.

"बघ टेस्टर, दिसते का कुठे?"

नाहीच दिसली. मी वाकून पाहिलं, कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मामा, हात गेलेला नाही तुमचा." ते लहान मुलासारखे खूश झाले. आम्ही दोघांनी ती वायर डोळ्यांनी पाहिली. त्या घरात डोळ्यांनी न पाहणारं एक माणूस राहतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी चहा टाकायला उठल्या. चप्पल कडेने सर्र सर्र करत गेली आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी, वळणावर पट्टीत अडकली. मामांना आवाज थांबलेला कळला, मग पडल्याचा कळला. नळी काढून तिथवर पोचायला त्यांना किती वेळ लागला ते त्यांनाच ठाऊक. पोचल्यावर उचलायला दम नाही. मी आले तेव्हा दोघं जमिनीवर शेजारी शेजारी बसलेली. मामींचा डावा हात मनगटात मोडला होता आणि मामी म्हणत होत्या, "अहो, तुम्ही आधी नळी लावा."

मी मामींना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा मामा म्हणाले, "मधून चालणाऱ्यांची काळजी केली गं जन्मभर. कडेने चालणारी माझ्याच घरात होती."

त्यानंतर आम्ही काय काय केलं नाही! वायर नसलेल्या भिंतीने जा-ये करावी तर एका वेळी डावा हात टेकावा लागणार, आणि तो प्लास्टरमध्ये. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा वायर मधून टाकली. टाकताना त्यांचं तोंड बघवत नव्हतं. पण बोळ जेमतेम तीन फुटांचा, आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी ती ओलांडावीच लागते. दुसऱ्याच दिवशी मामींचा पाय लागला, कपाटाला धरलं म्हणून वाचल्या. वायर पुन्हा कडेला गेली. मामांची खाटच स्वयंपाकघरात न्यावी, तर ती मावत नाही. सकाळ-संध्याकाळला बाई मिळाली, दुपारी यायला कुणी तयार नाही. मी ऑफिसात. खोलीतच लघवीला भांडं ठेवू म्हटलं तर मामी म्हणाल्या, "एवढ्यात नको गं. अजून चालता येतं मला." दुसरं घर शोधतेय, तळमजला म्हटलं की सगळीकडे नन्नाचा पाढा. माझ्या तोंडाचा पट्टा एवढा चालतो, पण या एका वायरपुढे माझं काही चालेना.

मग मामींचे ओठ सुकलेले दिसू लागले. बाटली भरलेली तशीच. विचारलं तर म्हणायच्या, "तहानच नसते हल्ली." मामांनी ते आधी ओळखलं होतं. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की तो कोपरा येतो. आणि त्या पुन्हा पडल्या तर मामा नळी काढून धावतील, याचीच मामींना धास्ती होती.

परवा ऑफिस लवकर सुटलं म्हणून भर दुपारी गेले. दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकले. घरात घुं घुं नव्हतं. मामा खाटेवर बसलेले, ओठ काळपट, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. मांडीवर सगळी वायर गुंडाळून ठेवलेली, पट्टीसकट. मामी समोर स्टुलावर, मोकळ्या हाताने त्यांचा गुडघा घट्ट धरून. मधल्या टेबलावर पाण्याचा ग्लास.

"बघ हिला," मामा म्हणाले. एकेक शब्दाला थांबत होते. "वाट मोकळी करून दिली. म्हटलं, पाणी पी... जाऊन ये... तोवर मी बसतो असाच. हलतच नाही."

मामी माझ्या दिशेने वळल्या. "मशीनचा आवाज असला की कळतं गं, हे आहेत. तो बंद झाल्यावर मी यांना सोडून कुठे जाऊ? अर्धा तास झाला सांगतेय, आधी ते लावा."

"आधी पाणी पी."

"आधी लावा."

मी दोघांवर ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, ओरडताना रडू येत होतं एवढं आठवतं. मामांच्या मांडीवरची वायर घेतली, बोर्ड मशीनपाशी ठेवला आणि दुसरं टोक घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी राहिले.

"मामा, कुठून टाकू?"

मामांनी भिंतीकडे पाहिलं. मग बोळाच्या मधल्या फरशीकडे पाहिलं. ज्या माणसाने अख्ख्या गावाला वायर कुठून घ्यायची ते ओरडून सांगितलं, गालिचे उचलून झापलं, तो माणूस आता नळीचं टोक बोटांत फिरवत होता.

"टाक कुठूनही," ते म्हणाले.

मी टाकली. स्वयंपाकघराच्या तोंडाशी ती पुन्हा वाटेत आलीच. मशीन सुरू झालं. मामींनी घुं घुं नीट ऐकून घेतलं, मामांचा गुडघा सोडला, आणि चाचपत टेबलावरचा ग्लास उचलून माझ्या हातात दिला. भरलेला होता तसाच.