दोरीचं दुसरं टोक

गॅलरीत दोरी वाळत घातली आहे. तिच्या एका टोकाचा फास मी अजून सोडवलेला नाही.

जुन्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यात पाठीवर हवेची टाकी लावून स्कूबा डायव्हिंगला उतरलं की स्वतःचा हातही दिसत नाही. म्हणून दोघांनी एकाच दोरीची दोन टोकं धरायची. एक हिसका म्हणजे ‘बरा आहेस ना?’ उलट हिसका म्हणजे ‘आहे.’ आणि जोडीदाराला सोडून वर यायचं नाही.

परवा सुधीरचा, माझ्या कॉलेजपासूनच्या मित्राचा, उलट हिसका येईना. दोरी मात्र ताणलेली होती. म्हणजे तो आहे, असं समजून टाकीतली हवा निम्मी होईपर्यंत मी थांबलो. शेवटी दोरी धरून चाचपडत गेलो, तर तिच्या टोकाचा फास एका गंजक्या लोखंडी गजाला अडकवलेला.

वर आलो तेव्हा सुधीर काठावर चहा पीत होता. म्हणाला, “कान दुखायला लागले रे. तू घाबरू नयेस म्हणून बांधून आलो.”

नुसती सोडली असती तर दोरी सैल पडली असती आणि मला कळलं असतं. कुणी सोडून गेलं तर माणूस सावरतो. मी मात्र तिथे एका गजाची काळजी करत बसलो होतो.

गाठ पक्की आहे. मीच शिकवली होती त्याला.