आत्याबाईंनी काढलेली जोडवी

आत्याबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. ऐंशीच्या दशकात नेरूळ नुकतं वसत होतं, आमच्या बिल्डिंगपर्यंत धड रस्ताही नव्हता. दारात कुणी आलं की आत्याबाई त्याच्या टाचा बघून "लांबनं आलाय, पानी द्या," म्हणायच्या, आणि मग कोण, कुठला ही चौकशी.

त्यामुळे सातव्या महिन्यात माझे पाय सुजायला लागले, ते माझ्याआधी त्यांना कळलं. मी शाळेत शिकवून घरी आले की दारातच त्या माझ्या पायावर अंगठा दाबायच्या. पडलेला खळगा भरून येईपर्यंत मला आत सोडायच्या नाहीत. मग वाकळेच्या वळकटीवर माझे पाय, आणि मी आडवी. पोळ्या करायला उठू लागले की म्हणायच्या, "पोळ्या लाटाया पाय लागत्यात व्हय? मग ते ऱ्हाऊ देत हितंच."

चपला बसेनात तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याच्या रबरी स्लिपरा पुढे केल्या. शाळेत सगळे हसतील म्हटलं, तर म्हणाल्या, "मास्तरणीचं पाय कोन बघतंय?" हे कुणी म्हणावं!

जोडव्यांचं मात्र अवघड झालं. भरीव चांदीची जोडवी सुजलेल्या बोटांत रुतली, बोटं काळीनिळी पडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर तपासलं, ते ठीक निघालं. "पण जोडवी आजच काढा," म्हणाल्या. मी ऐकेना. मुलांना विज्ञान शिकवणारी मी, पण नवरा तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात होता. तो घरी येईपर्यंत रोज जीव टांगणीला. त्यात मी जोडवी काढायची? दारात मासळी साफ करून देत बसलेल्या आमच्या कोळीण ठमाबाईंनीही भर घातली, "सवाष्नीची जोडवी कंदी काढतान काय? नको गो बाय!"

आत्याबाई साबणाचं पाणी घेऊन माझ्या पायांशी बसल्या. मी पाय ओढून घेतला, त्यांनी तो पुन्हा मांडीवर घेतला.

"माझी जोडवी बायकांनी वरबाडून काढली. रगात आलं तरी कुनी थांबलं न्हाई," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "ती पायात हुती म्हनून तुझं सासरं जित्तं ऱ्हायलं का? तुझी मी हळू काढते."

मी रडत होते आणि त्या बोट चोळत होत्या. जोडवी निघाली. त्यांनी ती पुसून आपल्या पानाच्या चंचीत ठेवली. संध्याकाळी नवरा धडधाकट घरी आला आणि त्याने चहा मागितला.

बारशाला माझी सूज उतरलेली होती. आत्याबाईंनी चंचीतून जोडवी काढून शेजारच्या काकूंच्या हातात दिली आणि स्वतः मागे सरकल्या. मी पाय आखडून घेतला.

"ज्यांनी काढली, त्यांनीच घालायची."

"येडी का काय तू? माझा हात चालत न्हाई."

"मग राहू देत माझे पाय मोकळे."

बायका कुजबुजल्या. मी जागची हलले नाही. बाळ रडायला लागलं, तरी नाही. शेवटी आत्याबाई पुढे येऊन बसल्या. एकेक जोडवं त्यांनी हळू घातलं.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते, आणि दर वेळी आठवतं ते हेच: दुसरं जोडवं घालून झाल्यावर त्या उठल्या नाहीत. माझ्या पायांवरची नजर उचलून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या.