बिळापुढची वेल

निडी गावाच्या पलीकडे ओढ्याकाठी एक दरड आहे. पक्षी दाखवणं हा माझा धंदा, त्यामुळे बाराही महिने तिथं जाणं होतं. थंडीत माशीमार, उन्हाळ्यात उरल्यासुरल्या डबक्यावर तहानलेले बुलबुल. पावसाळ्यात मात्र दरडीतल्या बिळात तिबोटी खंड्या घर करतो, आणि माझा भाव वधारतो.

बीळ काही मी शोधलेलं नाही. वाडीतली एक म्हातारी ओढ्यात खेकडे धरत होती. मला पुढे जाताना बघून म्हणाली, "तिकडं जाऊ नको. बाळंतीण हाय तिथं." कोणी बाईमाणूस असेल म्हणून मी चटकन तोंड फिरवलं. मग तिनं बीळ दाखवलं. पिल्लं उडेपर्यंत वाडीतलं कोणी त्या दरडीत खेकड्यासाठीही हात घालत नाही, असं तिनं सांगितलं.

हा किस्सा मी गाडीत गिऱ्हाइकांना विनोद म्हणून ऐकवायचो. आता आठवलं की स्वतःच्याच तोंडाची किळस येते.

गेल्या पावसाळ्यात शहरातून चौघे आले. बिळापुढे एक वेल लोंबत होती, तिच्यामुळे फोटो 'क्लीन' येत नाही म्हणून एकजण कुरकुरला. काप म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. कोयता मीच काढला. अतिशहाणा, दुसरं काय.

मग चौघे स्टुलं टाकून वेफर्स खात दिवसभर बिळासमोर बसले. खंड्याच्या जोडीतलं जे येई ते चोचीत पाल धरून समोरच्या काटकीवर थांबे आणि आत न शिरता परत जाई. तेवढ्यात यांचे कॅमेरे खडखडत. अजून एकदा येऊ दे, म्हणून मीही त्यांच्यासोबत टक लावून बसलो होतो. शी!

तिसऱ्या दिवशी एकटाच गेलो. बिळाच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली होती. आत बघवत नव्हतं, तरी बघितलं. म्हातारी तिथंच होती. वेल कोणी कापली, तिनं विचारलं. माहीत नाय, म्हणालो. ती माझ्या कमरेच्या कोयत्याकडे बघत राहिली. नंतर थुंकली आणि वाडीकडे निघून गेली.

महिन्याभरानं त्या चौघांतल्या एकाचा फोन आला. फोटो फार गाजतोय म्हणाला. खाली दोन ओळी लिहायच्या होत्या, म्हणून त्यानं विचारलं, पिल्लं उडाली का?

उडाली, म्हणालो.